नाही म्हणायचे सहा महिने

डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने आम्हा सात जणांना नागपुरात रामदासपेठेतल्या एका हॉटेलात लीडरशिपच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. अधिवेशन चालू होतं त्यामुळे सिव्हिल लाईन्सकडचे अर्धे रस्ते बंद, मी ॲक्टिव्हा फिरवत फिरवत पोहोचले तोवर पोहे संपले होते, म्हणजे माझा मूड सकाळीच गेलेला होता हे आधीच सांगून ठेवते.

ट्रेनर पुण्याचे होते, माणूस चांगला. त्यांनी सगळ्यांना पत्त्यांसारखी चाळीस कार्डं दिली, प्रत्येकावर एक शब्द, आणि म्हणाले यातून तुमची पाच मूल्यं निवडा. सातही जणांनी प्रामाणिकपणा उचलला. सातही जणांनी! त्यात आमचा परचेसवाला पण होता, आता काय बोलणार. कोरी कार्डं पण दिली होती, त्यातल्या एकावर मी 'काटकसर' लिहिलं. ट्रेनर म्हणाले मॅडम, ही सवय झाली, मूल्य नाही झालं. मी गप्प बसले पण मनात धरून ठेवलं, कारण माझ्या मते माझ्यात जे काही आहे ते सगळं त्या एका शब्दात होतं. आणि तसंही आपल्या भाषेत मूल्य म्हणजे किंमतच न, वेगळा शब्द आहे कुठे?

तर पुढच्या सहा महिन्यांत जे झालं ते लिहून राहिले. कोणाला नोकरी, प्रमोशन वगैरेचा निर्णय घ्यायचा असेल तर उपयोग होईल, नाही झाला तर टाइमपास समजा.

थोडं माझ्याबद्दल. जुन्या नंदनवनात बाबांचं किराणा दुकान होतं, आता बंद आहे. गिऱ्हाईक सगळं हातावर पोट असलेलं, मिलमधून निघालेले लोक, विणकर, रिक्षावाले. लाल कापडी बांधणीची उधारीची वही होती आणि बाबांना मागायची लाज. "देईल न तो, कुठं पळून चालला" हे त्यांचं वाक्य. आई आत बसून हे ऐकायची आणि काही बोलायची नाही, फक्त गल्ल्यातून रोज थोडे पैसे काढून तांदळाच्या डब्यात खुपसायची. त्या डब्यातून माझी बारावीची फी निघाली, माझ्या बीकॉमची निघाली, एकदा होलसेलवाला दारात येऊन बसला होता त्याचे पैसे पण तिथूनच निघाले. म्हणजे घरात दोन अर्थमंत्री होते आणि मी कोणाच्या पक्षात हे मी सहावीत असतानाच ठरवलं होतं. बाबा मला आवडायचे, पण विश्वास डब्यावर होता.

मग अकाउंट्स, मग एक दोन छोट्या नोकऱ्या, आणि ऑगस्ट २०१५ पासून बुटीबोरी एमआयडीसीतली ही कंपनी. इलेक्ट्रिकल पॅनलचे डबे बनवतात, म्हणजे शीट कापणं, वाकवणं, वेल्डिंग आत होतं आणि पावडर कोटिंग, मशिनिंग, खोके हे सगळं बाहेरून, छोट्या छोट्या युनिटकडून. मी अकाउंट्स मॅनेजर. सीटीसी (वर्षाचं सगळं पॅकेज) ९ लाख ६० हजार, हातात महिन्याला अडुसष्ट हजार. नवरा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांच्या घरी तासिका तत्त्व आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगते, जेवढे तास तेवढे पैसे, उन्हाळ्यात शून्य, आणि जे मिळतात तेही कधी मिळतील ते विचारायचं नाही. म्हणजे घर माझ्या पगारावर.

जानेवारीत शेठनी केबिनमध्ये बोलावलं. कमर्शियल हेडची जागा तयार करून राहिलो, चौदा लाख, तुमच्याशिवाय कोण. मला खरंच आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, त्याआधी एक काम आहे, ते करून दाखवा.

काम काय ते समजायला थोडं टॅक्सचं सांगावं लागेल, कंटाळा आला तर एक पॅरा सोडा. तेव्हाच्या आयकर कायद्यात ४३बी कलमात 'एच' नावाचं एक पोटकलम घातलं, २०२३-२४ या वर्षापासून लागू. मायक्रो किंवा स्मॉल म्हणून उद्यम नोंदणी (सरकारी पोर्टलवरची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या युनिटकडून माल किंवा काम घेतलं तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत टळली आणि ३१ मार्चला पैसे बाकीच असले तर तो खर्च त्या वर्षी धरताच येत नाही, जेव्हा पैसे द्याल तेव्हा धरा. आमचे साधारण एक कोटी चाळीस लाख असे अडकलेले निघत होते. कंपनीचा टॅक्स पंचवीस टक्क्यांच्या थोडा वर, म्हणजे पस्तीस लाखांचा जास्तीचा टॅक्स. पुढच्या वर्षी तो वळता होतो, पण यंदा भरायला रोख लागणार.

सरळ उपाय एकच, पैसे देऊन टाका. शेठचा उपाय वेगळा होता. अकरा व्हेंडरांकडून उद्यम नोंदणी रद्द केल्याची पत्रं आणायची. नोंदणीच नाही तर ४५ दिवसही नाहीत. नाही दिलं पत्र तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला.

आता लोक म्हणतील शेठ वाईट. मला तसं नाही वाटत, आजही नाही. आमचा माल ज्या मोठ्या कंपन्यांना जायचा त्या १२० दिवसांनी पैसे द्यायच्या आणि त्यांना बोलायची शेठची हिंमत नव्हती. वरून एकशेवीस, खालून पंचेचाळीस, मधला माणूस दाबला जातो. त्याने दाब खाली ढकलला, एवढंच. ढकलायला हात माझा पाहिजे होता.

आणि मी ढकलला. हे लिहायला जड जातंय पण पहिली तीन पत्रं मीच आणली. एका आठवड्यात. फोन केला, गोड बोलले, फॉरमॅट व्हॉट्सॲपवर टाकला, तिघांनी पोर्टलवर रद्द करून सही करून पाठवून दिलं. मला तेव्हा वाईट पण वाटलं नाही, उलट काम पटापट होऊन राहिलं म्हणून बरं वाटत होतं.

चौथा हिंगण्याचा पावडर कोटिंगवाला. त्याने दोनदा फोन उचलला नाही म्हणून मी स्वतः गेले. नवरा बायको आणि चार पोरं एवढं युनिट. तो ओव्हनजवळ होता, बायको पत्र्याच्या केबिनमध्ये वही घेऊन बसलेली. आमच्या कंपनीचं पान उघडंच होतं, सहा लाख चाळीस हजार बाकी, त्याच्या खाली पेन्सिलने तिने लिहिलेलं होतं, लाईट बिल, गॅस, पोरांचा पगार, आणि प्रत्येकासमोर तारीख, आणि तारखा खोडून खोडून पुढे नेलेल्या. मी पत्र पुढे केलं. त्याने हात पुसले, वाचलं नाही, म्हणाला मॅडम तुम्ही आणलं म्हणजे बरोबरच असंल, सही कुठं करू? आणि चहा घेता न?

मी म्हणलं फॉरमॅट चुकला आहे, नवीन आणते. आणि निघून आले. चहा न घेता, ते पण वाईटच दिसलं असेल.

एवढ्यावरून मी लगेच बाणेदार वगैरे झाले असं काही नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला सोडून दे मग. मला इतका राग आला. सोडून दे म्हणायला काय जातं, ज्याचा पगार तीन तीन महिने येत नाही त्याने तर बोलूच नये, असं मी बोलले पण. दोन दिवस अबोला. मग शनिवारी रात्री मुलगा झोपल्यावर तोच लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला तू अकाउंटंट आहेस न, मग हिशोब कर न, भीती कशाला करून राहिली.

वीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं लिहिली, घराचा ताळेबंद कधी मांडला नव्हता. चांभाराच्या पोराच्या पायात चप्पल नसते तसं. दीड वाजेपर्यंत बसलो. वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढलं, एक एक यूपीआय एंट्री. घराचा हप्ता तेवीस हजार, सव्वीस लाखांचं कर्ज आहे वीस वर्षांचं. किराणा, शाळा, व्हॅन, सासूबाईंची औषधं, लाईट, पेट्रोल, इन्शुरन्स सगळं मिळून अडतीस. महिन्याला एकसष्ट हजार. म्हणजे उद्या नोकरी गेली तर एकसष्ट हजार कुठून तरी आले पाहिजेत.

मग दुसरी बाजू. एफडी दोन लाख दहा हजार. ग्रॅच्युइटी मी कधी धरतच नव्हते, कारण ती रिटायर होताना मिळते असं डोक्यात बसलेलं (अकाउंट्सवाली असून, हो, मला हसू नका). तेव्हाच्या नियमाने पाच वर्षं सलग झाली की ती तुमची, शेवटच्या बेसिक आणि डीएचे पंधरा दिवस गुणिले वर्षं, आणि पंधरा दिवस काढताना महिना तीस नाही, सव्वीस दिवसांचा धरायचा. बेसिक बत्तीस हजार, डीए आम्हाला नव्हता, आणि जूनमध्ये माझी आठ वर्षं दहा महिने होत होती. सहा महिन्यांच्या वर असलं तर पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ. एक लाख सहासष्ट हजार. दोन्ही मिळून तीन लाख शहात्तर. भागिले एकसष्ट.

सहा महिने.

मी तो आकडा बघत बसले. कारण मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं न, की नोकरी गेली तर किती दिवस, तर मी सांगितलं असतं महिनाभर. आणि यात नवऱ्याचं काहीच धरलं नव्हतं, पीएफ धरला नव्हता, सोनं धरलं नव्हतं.

मग त्याने विचारलं, प्रमोशन घेतलं तर? मी म्हणलं तर काय, मज्जा. नाही, तो म्हणाला, मांड न ते पण. आम्ही चौदा लाखांच्या भरवशावर गाडी बघून ठेवली होती, आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी आणि दोन लाख डाउन पेमेंट. हप्ता साडेसोळा हजार. मग महिन्याचा खर्च साडेसत्याहत्तर, आणि एफडीत राहतात दहा हजार. तीच भागाकाराची रीत लावली तर उत्तर येतं सव्वादोन महिने. पगार चौदा लाख आणि नाही म्हणायची ताकद सव्वादोन महिन्यांची! आणि कमर्शियल हेडला नाही म्हणायची वेळ अकाउंट्स मॅनेजरपेक्षा जास्त येणार हे तर उघडच आहे. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की शेठ मला पगार वाढवून देत नव्हते, माझे महिने विकत घेऊन राहिले होते. गाडी मीच घेणार होते पण, त्यांनी थोडीच सांगितलं होतं घे म्हणून, हे पण आहे.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलं नसतं, कारण इथपर्यंत मी चांगलीच दिसते. त्या स्टेटमेंटमध्ये अजून एक निघालं.

स्टोअरमध्ये एक पोरगा होता, सत्तावीस अठ्ठावीसचा, काटोलकडचा. २०२२ च्या शेवटी त्याने पंचवीस हजार ॲडव्हान्स मागितला होता, आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. तीस हजारांपर्यंत माझ्या सहीवर होत होतं. मी नाही म्हणलं. वर लेक्चर दिलं की जरा बचतीची सवय लाव, तुझा मोबाईल बघ कितीचा आहे. तो "हव मॅडम" म्हणून गेला. आता स्टेटमेंट चाळताना मला माझ्याच एका महिन्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचे पैसे दिसले, क्रेडिट कार्डावर मारलेले, आणि मी नवऱ्याला म्हणलं बघ, आपल्याकडे कार्ड तरी होतं. आणि म्हणता म्हणता अडकले. त्या पोराने कुठून आणले असतील?

सोमवारी विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाला गावातल्या एकाकडून, शेकडा पाचने. महिन्याला पाच टक्के, म्हणजे साडेबाराशे रुपये, आणि चौदा महिने झाले होते. साडेसतरा हजार नुसतं व्याज भरून झालेलं आणि पंचवीस हजार मुद्दल जसंच्या तसं उभं. कंपनीत ते बिनव्याजी होतं. माझी एक सही.

आणि ती काटकसर माझं मूल्य होती न, कार्डावर लिहिलेली! मला ट्रेनरची आठवण झाली. सवय पण नव्हती ती. ती भीती होती, आईच्या डब्यातून आलेली, आणि मी ती कंपनीच्या पैशाला लावून ठेवली होती, जणू ते पैसे माझ्याच तांदळातून जाऊन राहिले. आईने डबा भरला तो घर बुडू नये म्हणून. तिच्यावर उधारी चढलेली होती, समोर होलसेलवाला बसलेला होता. माझ्यासमोर कोण बसलं होतं? ओव्हरटाइमच्या पोरांना साठ रुपयांचं जेवण कूपन मी बंद केलेलं, इन्क्रिमेंटच्या वेळी एचआरने दहा टक्के लिहिलं की मी आठ करायची, आणि वर्षाच्या शेवटी शेठ मला म्हणायचे मॅडम तुमच्यामुळे वाचतो आपण. ते ऐकायला मी हे सगळं करत होते बहुतेक.

त्याचा ॲडव्हान्स मी त्याच दिवशी केला, पंचवीसचा. त्याने मुद्दल फेडलं. सतरा हजार पाचशेचं काय ते मी आजपर्यंत त्याला विचारू शकले नाही.

तर पत्रांचं. मी ठरवलं नुसतं नाही म्हणायचं नाही, हिशोब घेऊन जायचं. आमच्या गोडाऊनमध्ये एक कोटी नव्वद लाखांची सीआरसीए शीट (डबे बनवायचा पोलादी पत्रा) पडून होती, शेठला भाव पडला की घेऊन ठेवायची सवय. मी म्हणलं दोन महिने शीट घेणं थांबवा, आहे ती वापरा, त्या पैशातून १५ फेब्रुवारीपर्यंतची छोट्यांची बिलं क्लिअर करा (१५ फेब्रुवारीला पंचेचाळीस मिळवले की बरोबर ३१ मार्च येतो, लीप वर्ष होतं). शेठ लगेच म्हणाले स्टॉक कमी झाला तर बँकेत डीपी पडेल. डीपी म्हणजे ड्रॉइंग पॉवर, स्टॉकच्या जोरावर बँक किती पैसे उचलू देते तो आकडा. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तो काढताना बँक स्टॉकमधून क्रेडिटर, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचे बाकी आहेत ते, वजा करते, मग मार्जिन कापते. स्टॉक एक कोटीने कमी आणि क्रेडिटरही एक कोटीने कमी, तर वजाबाकी तीच राहते! डीपी हलतच नाही. मी व्हाइटबोर्डवर करून दाखवलं. शेठ बराच वेळ बोर्ड बघत होते, त्यांना पटलं होतं, मला चेहऱ्यावर दिसत होतं.

मग म्हणाले, शीटचा भाव वाढून राहिला मॅडम, आता थांबलो तर तीन टक्के जातील. आणि व्हेंडरांना एकदा ४५ दिवसांची सवय लागली की पुढच्या वर्षी काय करू?

मग मी म्हणलं की पत्रं मी आणणार नाही. आवाज कापत होता, पण मनात सहा महिने, सहा महिने असं चालू होतं, जसं लहानपणी अंधारात रामरक्षा म्हणायचो तसं. शेठ चिडले नाहीत. म्हणाले ठीक आहे, परचेसला सांगतो. म्हणजे तो प्रामाणिकपणाचं कार्ड उचलणारा. अर्धं माझं ऐकलं पण, सत्तर पंच्याहत्तर लाख क्लिअर केले मार्चमध्ये, त्यात हिंगण्याचा पावडर कोटिंगवाला होता. उरलेल्यांची पत्रं आली. मी आणलेली तीन पत्रं फाईलला लागलेलीच राहिली. त्यातल्या एकाने, वाडीचा खोकेवाला, नंतर माझा फोन घेणं बंद केलं आणि त्याचं बरोबर आहे.

कमर्शियल हेड कोण झालं ते सांगायची गरज नाही. कंपनी छान चालू आहे, त्यांचं काही वाईट झालं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला राजीनामा दिला, साठ दिवसांची नोटीस. घाईने नाही दिला, फेब्रुवारीपासून शोधत होते. पाच ठिकाणी इंटरव्ह्यू झाले आणि यावेळी मी पण इंटरव्ह्यू घेतले. कंपनीची मूल्यं वेबसाईटवर असतात ती वाचून काही होत नाही, सगळीकडे तेच कार्ड. मी तीन गोष्टी बघायला लागले. एक, क्रेडिटर्सचं एजिंग, म्हणजे कोणाचे पैसे किती दिवसांपासून बाकी. दोन, पीएफचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरतात का, हे तिथल्या कोणत्याही माणसाच्या पासबुकावरून कळतं. तीन, ४५ दिवसांच्या वर छोट्यांचे पैसे थकवणाऱ्या कंपनीला दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ फॉर्म भरावा लागतो, तो भरता का. दोन ठिकाणी तिसरा प्रश्न विचारल्यावर इंटरव्ह्यू संपला. एका ठिकाणी मालक म्हणाले तुम्ही नोकरीला आल्या का ऑडिटला?

एक मात्र मला राहून राहून गंमत वाटते. ट्रेनिंगला ते सर मोठ्या मोठ्या लीडरची उदाहरणं देत होते, सगळी अमेरिकेची. आणि त्या हॉटेलपासून थोड्याच अंतरावर जिथे आता मॉल आहे तिथे टाटांची एम्प्रेस मिल होती, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली, जिथे १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला होता. आपला पीएफचा कायदा आला १९५२ ला. म्हणजे सहासष्ट वर्षं आधी, कायदा नसताना. बाबांच्या दुकानात येणारे म्हातारे सांगायचे तसलं काही, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

शेवटी हिंगणा रोडवरच्या एका लहान युनिटमध्ये लागले, शेतीची अवजारं बनवतात. ८ लाख ४० हजार. वर्षाला एक लाख वीस हजार कमी. एजिंग त्यांनी स्क्रीनवर उघडून दाखवलं, तीन जण साठ दिवसांच्या वर होते आणि मालकीणबाईंना प्रत्येकाचं कारण तोंडपाठ होतं. तिथे मी आल्या आल्या ॲडव्हान्सची पॉलिसी केली, एका पगारापर्यंत, बिनव्याजी, दहा हप्ते, कारण विचारायचं नाही. दुसऱ्याच महिन्यात एक फिटर पंधरा हजार घेऊन गायब झाला, फोन बंद. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. पॉलिसी ठेवली आहे, पण दरवेळी सही करताना हात थोडा थांबतो. थांबतोच. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, देईल न तो, कुठं पळून चालला. मी म्हणलं पळालाच आहे तो बाबा. तर म्हणतात, मग येईल.

आईला राजीनाम्याचं मे महिन्यात सांगितलं, तोवर धीर झाला नव्हता. कमी पगाराची नोकरी हे तिला समजावणं कठीण. तिने ऐकून घेतलं, "काऊन वं, काही चुकलं का तुझं?" एवढंच विचारलं, आणि आत गेली. बाहेर आली ती डबा घेऊन. तांदूळ परातीत ओतला आणि खालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे काढले. एकतीस हजार पाचशे. "असू दे तुझ्याजवळ, सहा महिने निघतील." तिला सहा महिन्यांचं मी काहीच सांगितलं नव्हतं.

त्यात दोन हजारांच्या आठ नोटा होत्या.

मी म्हणलं आई, या तर बंद झाल्या, गेल्या वर्षी बँकेत बदलून देऊन राहिले होते, ऑक्टोबरपर्यंत, तू बोलली का नाही? ती म्हणाली बोलली असती तर तुझ्या बाबांना कळलं असतं न.

नशीब म्हणजे बँकांनी घेणं थांबवल्यावरही रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक ऑफिसांत त्या नोटा घेऊन राहिले होते आणि त्यातलं एक नागपुरात आहे. मग काय, ऐन नवतपात, रजा टाकून, आईला घेऊन संविधान चौकात. त्याच आठवड्यात आपल्याकडच्या एका हवामान केंद्राच्या मशीनने छप्पन डिग्री दाखवली होती, नंतर कळलं मशीनच बिघडलं होतं, पण रांगेत उभं राहिल्यावर मला ते खरंच वाटत होतं. आईने डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पर्समध्ये कांदा. फॉर्म भरला, नंबर लागला. सोळा हजार, सगळ्या पाचशेच्या. तिने काउंटरवरच तीनदा मोजल्या, मागचा माणूस ओरडून राहिला होता तरी.

बाहेर आल्यावर मी म्हणलं कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊ. नाही म्हणाली, घरी पोहे आहेत न. एक पाचशेची नोट काढून मला दिली, "पोराला दे," बाकीच्या रुमालात बांधल्या. मी तिला म्हणलं आई, हे तू मला देणार होतीस. म्हणाली हो, लागतील तेव्हा देईन, आता तर तुझा पगार चालू आहे न.

"आणि आता तांदळात नको ठेवू, बँकेत टाकू."

"तांदळात नाही ठेवत वं आता," ती म्हणाली, "ती जागा तुला माहीत झाली."